पाच मोर आणि चार मुंडकी

दुसऱ्याच्या साडीला नावं ठेवणं हा आमच्या घरचा खेळ आहे.

बाकीचे लोक प्रवासात भेंड्या लावतात. आम्हीही लावून बघितल्या. माझा मुलगा संजय आरतीशिवाय काही म्हणत नाही. नात पिंकी सगळी गाणी गुजरातीत म्हणते. सून ज्योतीला दर वेळी एकच गाणं आठवतं आणि तेही मधूनच. कडोदरा यायच्या आत भांडण होऊन भेंड्या बंद! पत्ते काढले तर खिडकीतून राणी उडून जाते. म्हणून आमचा खेळ साड्यांचा.

तुम्ही म्हणाल, साड्यांचा कसला खेळ? तर आम्ही सुरतेतल्या लिंबायतचे. मूळचे खानदेशातले, पण पोट सुरतेचं. नवरा लूमवर होता. मी तीस वर्षं साड्या तपासल्या. समोर पोटलं सोडायचं, एकेक साडी उघडायची आणि खोट शोधायची. खोट नसली तर फ्रेश माल, असली तर सेकंड. त्याचा परिणाम असा झाला, की मला बायकांची तोंडं लक्षात राहत नाहीत, पदर लक्षात राहतात. (ज्योतीला बघायला गेलो होतो तेव्हा मी आधी साडी पसंत केली. सून तिच्यासोबत आली.)

खेळ सोपा आहे. रस्त्यानं साडी नेसलेली बाई दिसली, की सगळ्यात आधी ओरडायचं. कापड बरोबर सांगितलं तर एक गुण. काम बरोबर सांगितलं, म्हणजे छापील की टिकलीचं की भरतकामाचं, तर आणखी एक. आणि चालत्या गाडीतून खोट सापडली तर दोन! पिंकी दहा वर्षांची आहे. ती वही घेऊन बसते आणि कोणालाही सूट देत नाही. जिंकेल त्याला परतीच्या वाटेवर पुढची सीट. मी आजवर एकदाही मागे बसून परत आलेली नाही.

ही हकिकत गेल्या हिवाळ्यातली. आम्ही माझ्या नातवाचं, चेतनचं लग्न पक्कं करायला निघालो होतो.

चेतन एकोणतीस वर्षांचा. भरतकामाच्या मशीनवर कारागीर आहे, हात चांगला आहे. पण त्याला नऊ ठिकाणी नकार आला होता. एकीला सुरत नको होती. दुसरीला सुरत हवी होती, पण लिंबायत नको. तिसरीच्या आईनं आमची खोली पाहून विचारलं, "बाकीचं घर कुठं आहे?" चौथीनं त्याचे केस मोजले. पुढचं सांगत नाही. दहावी मुलगी वैशाली, नवापूरच्या पुढं विसरवाडीकडच्या एका गावातली. शिवणक्लास चालवते. महिनाभरापूर्वी तिचे आईवडील लिंबायतला येऊन घर बघून गेले आणि चक्क चहा पिऊन "कळवतो" न म्हणता "या" म्हणाले! तेव्हापासून चेतन घरात शीळ घालायला लागला होता. आता आम्ही जायचं, बोलणी करायची आणि साखरपुड्याचा दिवस धरूनच यायचं.

शेजाऱ्याची सात सीटची गाडी घेतली. संजय चालवायला, चेतन त्याच्या शेजारी. मधे मी, पिंकी आणि पिंकीची वही. मागे ज्योती, दशम्या, ठेचा आणि मिठाईचे डबे. (घरात आम्ही अहिराणीतच बोलतो. इथं सगळ्यांना कळावं म्हणून साधं लिहिते आहे.)

गाडी पर्वत पाटियाच्या गर्दीतून निघाली नाही तोच मी पहिली साडी पकडली.

"शिफॉन! टिकलीचं काम! निऱ्यांपाशी टिकल्या गळाल्यात!"

"चार!" पिंकीनं लिहिलं.

चेतन मागे वळला. "आजी, हात जोडतो. तिथं गेल्यावर हे बंद ठेव."

"कळतं मला. मी काय लहान आहे?"

"लहान असतीस तर दटावता आलं असतं," ज्योती मागून पुटपुटली. माझे कान अजून शाबूत आहेत हे ती विसरते.

"माय, खरंच," संजय म्हणाला, "पोराचा दहावा नंबर आहे. तिथं कोणाच्या साडीकडे बघायचंसुद्धा नाही."

"मग बघू कुठं? छताकडे?"

"छताकडेच बघ!"

मी शब्द दिला. गाव येईपर्यंत खेळायचं, गाव आलं की बंद. आता गाव कुठं सुरू होतं हे कोणीच ठरवलं नव्हतं, हा माझा दोष नाही.

बारडोलीपर्यंत माझे सोळा गुण झाले. व्यारापाशी चहाला थांबलो तर समोरच्या बाकावर एक बाई बसलेली. अंगावर असं कापड, की मला काही केल्या ओळखू येईना. डोला सिल्क म्हणावं तर चमक जास्त, साटीन म्हणावं तर अंग कडक. तीस वर्षं काम करून कापड ओळखू येऊ नये म्हणजे काय! मी चहाचा कप घेऊन तिच्या मागे जाऊन उभी राहिले आणि पदर दोन बोटांत धरून हळूच चोळला.

बाई गर्रकन वळली. "शुं करो छो, बा?" म्हणजे काय करताय, आजी!

शेजारी तिचा नवराही उठला. अंगानं भरलेला माणूस! माझ्या हातात अजून पदर. मी काय करणार? पदर तोंडाशी नेला आणि दातांनी एक धागा तोडला.

"धागो निकळ्यो तो," मी म्हटलं.

बाईनं माझे आभार मानले. नवऱ्यानं मला गाठिया दिले. चेतन गाडीत जाऊन सीटच्या खाली वाकून बसला होता. नऊ नकारांतही त्याला एवढी लाज वाटली नसेल.

"कापड कोणतं होतं, आजी?" पिंकीनं विचारलं.

"नवं काहीतरी आहे."

"मग शून्य."

सोनगड गेलं, महाराष्ट्राची पाटी गेली, नवापूर गेलं. संजयनं गाडी हळू केली. फोनमधल्या नकाशातली बाई "डावीकडे वळा" म्हणाली तिथं डावीकडे ऊस उभा होता. फोन खिशात घालून तो कोणाला रस्ता विचारावा म्हणून बघायला लागला. मुख्य रस्त्यातून एक फाटा फुटत होता. तिथं गावाच्या नावाची पाटी होती, तिच्यावरचं निम्मं नाव उडालेलं. आणि पाटीखाली एक बाई उभी होती.

"आजी! डावीकडे! एकटी बाई!" पिंकी ओरडली.

मी चष्मा सारखा केला. बाईनं डोक्यावरून पदर घेतला होता आणि उन्हासाठी हात कपाळाला लावला होता, त्यामुळे तोंड काही दिसत नव्हतं. दिसलं असतं तरी मी बघितलं नसतं. साडी गुजराती पद्धतीनं नेसलेली, म्हणजे पदर मागून उजव्या खांद्यावर आणून पुढं छातीवर पसरलेला. सगळा पदर अगदी दुकानात टांगल्यासारखा समोर!

"जॉर्जेट," मी म्हणाले. "साधं. काम छापील."

"आत्याबाई, हळू," ज्योती मागून म्हणाली. "काच खाली आहे."

"असू दे. गुजराती बाई आहे ती. नेसलीय कशी बघ. तिला काय कळतंय मराठी!"

गाडी आणखी हळू झाली. बाई दोन हातांवर आली.

"आजी, पदरावर मोर आहेत! पाच मोर!"

"पाच?" मी खिडकीतून मान बाहेर काढली. आणि मला ते दिसलं. तीस वर्षांची नजर आहे, सुटत नाही! "पाच मोर आहेत, पण मुंडकी चारच! तो मधला बघ, मानेपासून वर काहीच नाही! छपाई चुकलीय. सेकंड माल! सेकंड माल! अगं बाई, असली साडी दिली तरी कोणी हिला? अशी साडी पायपुसणं करायलाही कोणी घेत नाही. जिनं दिली असेल तिचं मन बघा केवढं असेल! उंदराएवढं!"

"चार गुण!" पिंकी म्हणाली.

गाडी थांबली. बाईनं कपाळावरचा हात काढला.

"राम राम, विहीणबाई," ती स्वच्छ मराठीत म्हणाली. "साडी कोणी दिली ते विचारत होता ना? तुम्हीच दिली. तुमच्या खोलीत पाटावर बसवून, हळदीकुंकू लावून."

ती वैशालीची आई होती. निर्मलाबाई.

मागे ज्योतीच्या हातून दशम्यांच्या डब्याचं झाकण खुट्टकन पडलं.

आता मला ती साडी आठवली. महिनाभरापूर्वी निर्मलाबाई आमच्याकडून निघाल्या तेव्हा ओटी भरायची म्हणून मी पेटी उघडली होती. पेटीत दोन गठ्ठे असतात. एक फ्रेश, आपल्या माणसांसाठी. एक सेकंड, आहेराला. (नाक मुरडू नका. तुमच्या कपाटातही हे दोन गठ्ठे आहेत.) मी सेकंडच्या गठ्ठ्यातूनच काढली, पण डोळे झाकून नव्हे, विचार करून काढली! मोराचं मुंडकं पदराच्या टोकाशी गेलेलं. आमच्या मराठी बायका पदर डाव्या खांद्यावरून मागे सोडतात आणि टोक पुढं आणून कमरेला खोचतात. खोट कमरेत जाते. जन्मभर कोणाला दिसत नाही. ही बाई गुजराती नेसेल हे मला स्वप्नातही आलं नसतं!

संजयनं ब्रेकवरचा पाय काढलाच नाही. निर्मलाबाईंनीच दार उघडलं. "मी बसते, रस्ता दाखवते. पाटी दिसत नाही म्हणून पाहुणे पुढं निघून जातात. दोन वेळा असं झालंय, म्हणून मीच येऊन उभी राहिले."

आणि त्या बसल्या कुठं? माझ्या शेजारी! पिंकी सरकली, मी सरकले, आणि पाचही मोर माझ्या मांडीला टेकले.

"तुम्ही गुजराती नेसलात..." ज्योतीनं मागून काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं.

"सुरतेचे पाहुणे येणार म्हणून पोरीनं मोबाइलवर बघून नेसवली. म्हणाली, त्यांची साडी आणि त्यांच्याकडची पद्धत. तुमचा मान म्हणून."

फाट्यापासून गाव एक किलोमीटर आहे असं सांगतात. मला तो रस्ता सुरतेपेक्षा लांब वाटला. मी छताकडे बघत बसले. चेतनची मान मागून दिसत होती. ती लाल झाली होती, मग पांढरी, मग पुन्हा लाल.

तेवढ्यात पिंकीनं माझी बाही ओढली. "आजी, मन उंदराएवढं आहे ते पण लिहू का?"

घरी पोचलो. वैशालीचे वडील भास्करराव एसटीत कंडक्टर होते, आता घरी असतात. त्यांना बिचाऱ्यांना काहीच माहीत नव्हतं. "या, या! प्रवास कसा झाला?" त्यांनी विचारलं. आम्ही पाच जणांनी पाच दिशांना पाहिलं.

पोहे आले. वैशाली चहा घेऊन आली. मी ठरवलं, हे निस्तरायचं. गप्प बसून निस्तरायला हवं होतं, पण तो विचार मला आत्ता लिहिताना सुचला.

"विहीणबाई," मी म्हटलं, "ती साडी ना... ती डिझाइनच तशी आहे. नवी फॅशन. सुरतेत आता सगळ्या बायका..."

"बिनमुंडक्याचा मोर?"

"हो. एक मोर लाजलाय असं दाखवायचं असतं."

निर्मलाबाईंनी पदर दोन्ही हातांनी ताणून धरला आणि त्या मोराकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. चेतननं पोह्याची बशी खाली ठेवली.

यातूनही आम्ही कदाचित सुटलो असतो. पण पिंकी हात धुवायला गेली आणि तिची वही पाटावर राहिली. भास्कररावांनी ती उचलली. जन्मभर आकडे लिहिलेला माणूस. आकड्यांचं कोष्टक दिसलं की त्याला वाचल्याशिवाय राहवत नाही. आणि वाचताना मोठ्यानं वाचायची सवय!

"पर्वत पाटिया. शिफॉन, टिकल्या गळाल्या. आजी चार." त्यांनी चष्मा वर केला. "बारडोली. बांधणी, खोटी. आजी चार. व्यारा. माहीत नाही. आजी शून्य. हे काय आहे? आणि ही शेवटची ओळ, पाटीखालची बाई..."

"बाबा, नको!" चेतनच्या तोंडून निघालं. (त्यांना तो पहिल्यांदाच बाबा म्हणाला. तेही अशा वेळी!)

"पाटीखालची बाई. जॉर्जेट, छापील, मोराला मुंडकं नाही, सेकंड. आजी चार." ते वाचून थांबले. बायकोच्या पदराकडे त्यांची नजर गेली. मग ते मोर मोजायला लागले. कंडक्टरसारखे. बोट दाखवून.

ज्योतीनं डोळे मिटले. संजय गाडीची किल्ली शोधायला लागला. ती त्याच्या हातातच होती.

मग मी सरळ बोलले. मला गोड बोलता येत नाही, मघाशी प्रयत्न केला तो तुम्ही बघितलाच.

"सेकंड माल होता," मी म्हटलं. "मला माहीत होतं. खोट कमरेत खोचली जाईल आणि दिसणार नाही असं वाटलं, म्हणून दिली. चुकले."

निर्मलाबाईंनी बशी बाजूला सारली. "म्हणजे मी आपल्यासारखी नेसले असते तर मला कळलंच नसतं."

"नसतं."

"बरं. मग आता हेही सांगा. तुमच्या नातवात काही खोट आहे का? असली तर ती कुठं खोचून ठेवलीय?"

बाईचा सवाल बरोबर होता. मी तिच्या जागी असते तर हाच विचारला असता. फक्त आवाज जास्त चढवला असता.

"माय, तू बोलू नकोस," संजय घाईनं म्हणाला.

"बोलू द्या त्यांना," निर्मलाबाई म्हणाल्या. "तीस वर्षं तपासणीला होत्या ना? मग तपासून सांगू द्या."

मी चेतनकडे वळले. तो माझ्याकडे असा बघत होता, जसं मधल्या मोरानं, मुंडकं असतं तर, बघितलं असतं.

"घोरतो," मी सुरुवात केली.

"आजी!"

"घोरतो. वरच्या मजल्यावर ऐकू जातं. चिडला की बोलत नाही, जेवत नाही. मग फळीवरचे लाडू गुपचूप खातो आणि मला वाटतं उंदरांनी नेले. डोक्यावरचे केस जायला लागलेत, अजून दोन वर्षं टिकतील. दारू नाही. तंबाखू नाही. मशीनवर हात असा आहे, की मालक दुसऱ्या कारागिराला बारीक काम देत नाही. नऊ नकार आलेत. हा दहावा आला तर पुन्हा कोणाकडे जाणार नाही म्हणतो, कारण त्याला तुमची मुलगी आवडलीय. बाकी वरून खालपर्यंत बघितलाय, कापड पक्कं आहे."

चेतनची मान खाली. एवढा लाल माणूस मी पाहिलेला नाही, आणि कापडाच्या छापखान्यातले सगळे लाल मी पाहिलेत.

आतल्या दाराचा पडदा हलला. त्याच्यामागून कोणीतरी फिस्सकन हसलं आणि ट्रेवरचे कप खडखडले. वैशाली होती. पोरीला हसू आवरेना. ती बाहेरच आली, डोळे पुसत.

"आई," ती म्हणाली, "साडी दे ना त्यांच्याकडे."

"परत?"

"परत नाही. ते भरतकाम करतात ना? मोराला मुंडकं लावून आणू देत."

निर्मलाबाईंनी मुलीकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं. भास्करराव अजून मोरच मोजत होते, त्यामुळे त्यांचं मत कळलं नाही. मग त्या उठल्या, आत गेल्या, दुसरी साडी नेसून आल्या. (मी बघितलं नाही. छताकडे बघत होते. सुती होती.) मोरांच्या साडीची घडी करून त्यांनी ती चेतनच्या हातात ठेवली.

"पाच मोर, पाच मुंडकी," त्या म्हणाल्या. "पुरं झालं की आणा. मी बघेन. पसंत पडलं तर त्याच दिवशी साखरपुडा. नाही पडलं तर साडी तुमची, मुलगी आमची."

परतताना पुढची सीट नियमानं माझी होती. माझे वीस गुण होते, दुसऱ्या कोणाचे पाचही नव्हते. मी पुढचं दार उघडलं तर सीटवर साडी ठेवलेली. वर पट्टा लावलेला! चेतन म्हणाला, "आजी, तू मागे बस. ही चुरगळेल." मी मागे बसले. दशम्यांच्या डब्यांजवळ. विसरवाडी ते सुरत कोणी खेळलं नाही. व्यारापाशी एक बाई अशी गेली, की साडीचा पिको उलट्या बाजूनं केलेला! मी ओठ मिटून घेतले. खूप त्रास झाला.

पुढचे पंधरा दिवस आमच्या घरात मोराशिवाय विषय नव्हता. चेतन काम संपवून मशीनवर बसायचा, चिंध्यांवर मुंडकी काढून बघायचा आणि त्यांचे फोटो वैशालीला पाठवायचा. घरभर मुंडकी! पहिलं कोंबडीसारखं झालं. दुसऱ्याची चोच इतकी मोठी, की मोर घागरीत तोंड घालून बसलाय असं वाटावं. वैशाली तिकडून सांगायची, मान जरा बारीक, निळा जरा गडद. आधी फोटो जायचे, मग फोन व्हायला लागले. आधी मोरावर बोलायचे. मग मी ऐकलं तर मोराचं नावही नाही! पोरगं भिंतीकडे तोंड करून अर्धा अर्धा तास बोलतं, आणि लाडूही खात नाही.

मला मात्र त्या मोराजवळ फिरकू देत नव्हते. "आजी, तू फक्त शेवटी बघायचं," चेतन म्हणायचा. शेवटीही दाखवलं नाही.

तयार साडी घेऊन आम्ही पुन्हा गेलो. या वेळी फाट्यावर निर्मलाबाई नव्हत्या, भास्कररावांनी पाटीवर रंग मारून घेतला होता. निर्मलाबाईंनी साडी उजेडात नेली, पदर पसरला, मोर मोजले. मग मुंडकी मोजली. मग मधल्या मोरावरून अंगठा फिरवला. चेतन उभाच होता. पोराचं सगळं त्या सुपारीएवढ्या मुंडक्यावर अडकलेलं!

"नेसते मी," निर्मलाबाई म्हणाल्या. "साखरपुड्याला हीच नेसते."

आणि नेसल्या. गुजराती पद्धतीनंच नेसल्या, पदर पुढं पसरून. घरात येईल त्या बाईला मधला मोर दाखवायच्या, "हे जावयाचं काम." चेतनची छाती त्या मोरापेक्षा फुगली होती. वैशाली त्याच्या शेजारी बसून हळूच हसत होती. अंगठ्या झाल्या, पेढे वाटले. सगळं छान झालं.

मग निर्मलाबाई मला भेटायला पुढं आल्या. मिठी मारली. पदर माझ्या नाकासमोर आला.

त्या क्षणी मला ते दिसलं. मी मुद्दाम बघितलं नाही, नजरेलाच सवय आहे. बाकीच्या चार मोरांच्या तुऱ्याला पाच पाच काड्या आहेत. चेतनच्या मोराला चारच.

माझं तोंड उघडलं. समोरून चेतननं हात जोडले. संजयनं पेढा उचलला. ज्योती उठून उभीच राहिली. आणि पिंकीनं, सांगायला नको, वही काढली.

"कसं झालंय, विहीणबाई?" निर्मलाबाईंनी विचारलं.

"फ्रेश माल," मी म्हणाले. "एकदम फ्रेश!"

अख्ख्या जन्मात तपासणीत मी केलेली ती एकच लबाडी. तुऱ्याचं मी अजून कोणालाही सांगितलेलं नाही. इथं लिहिलंय, तेवढंच!